राखण कोणी द्यायची?

तळकोकणात प्रत्येक गावाला एक राखणदार असतो. तो रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घराच्या खळ्यापर्यंत आणून सोडतो, असं म्हणतात. त्याच्या बदल्यात वर्षातून एकदा त्याला राखण द्यायची. कुणी कोंबडा देतो, कुणी नारळ, जशी ज्याची ऐपत. माझा राखणदारावर विश्वास आहे की नाही हा विषय वेगळा (आणि आमच्या घरी कृपया काढू नका). पण त्यामागचा हिशोब मला एकदम पटतो. जो राखतो त्याला वर्षाकाठी काहीतरी द्यायला लागतं, नाहीतर तो का म्हणून राखेल?

आज मला याच हिशोबाबद्दल लिहायचंय. फक्त इथे राखणदार म्हणजे एक जंगल आहे आणि त्या जंगलाच्या कडेला राहणारी माणसं. राखण चुकवणारे बरेच जण आहेत, त्यात तुम्ही-आम्ही पण आलो.

गूगल मॅप्स उघडा आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक जिथे एकमेकांना चिकटतात तिथे झूम करा. तो दोडामार्ग तालुका. वरच्या अंगाला सावंतवाडी. सॅटेलाइट व्ह्यू लावलात तर एक हिरवा पट्टा दिसेल, जो उत्तरेला राधानगरीच्या अभयारण्याकडे जातो आणि दक्षिणेला कर्नाटकातल्या भीमगडकडे. याला सावंतवाडी-दोडामार्ग कॉरिडॉर म्हणतात. वाघ, बिबटे, गवे यांची जाण्यायेण्याची वाट. २००२ साली कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले, आणि तेव्हापासून हत्ती हा तालुक्याच्या रोजच्या बोलण्यातला विषय झाला. याच तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे मायरिस्टिका स्वॅम्प आहे. म्हणजे गोड्या पाण्याची दलदल आणि त्यात रानजायफळाच्या कुळातली झाडं, ज्यांची मुळं गुडघे दुमडल्यासारखी पाण्याबाहेर येतात. असली दलदल महाराष्ट्रात अत्यंत दुर्मिळ. ती टिकली कारण गावानं ती देवराई म्हणून राखली. कुठल्याही सरकारी योजनेच्या कितीतरी आधीपासून.

आता याच डोंगरातून तिलारी नदी निघते, दोडामार्गातून गोव्यात शिरते आणि पुढे शापोरा या नावाने समुद्राला मिळते. तिलारीवर महाराष्ट्र आणि गोव्याचं संयुक्त धरण आहे. १९९० चा करार. प्रकल्पात गोव्याचा वाटा सुमारे ७३ टक्के, आपला २७. धरण महाराष्ट्रात, बुडालेली गावं महाराष्ट्रातली, पाणी मुख्यतः गोव्याला. बार्देश, पेडणे, डिचोली या तालुक्यांचे नळ बऱ्याच अंशी या पाण्यावर चालतात. तिलारीचा कालवा दोडामार्गात कुठेतरी फुटला की बार्देशच्या लोकांना टँकर शोधावे लागतात. एवढं ते परावलंबित्व आहे.

आणि हा गोव्याचा उत्तर भाग सध्या सुसाट वाढतोय. पेडण्यात मोपाच्या सड्यावर नवा विमानतळ झाला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याची पर्यावरण मंजुरी स्थगित केली होती, जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठली आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडायला लागली. विमानतळ आला की हॉटेलं येतात, व्हिला येतात, दिल्ली-बेंगलोरवाल्यांची सेकंड होम्स येतात. मोपापासून महाराष्ट्राची हद्द अगदी हाकेच्या अंतरावर. त्यामुळे ती वाढ बांदा-सावंतवाडीकडे सरकणार हे सांगायला ज्योतिषी नको.

मी 'वाढ नको' म्हणणाऱ्यांपैकी नाही. दोडामार्गातली पोरं रोज बाइकवरून गोव्यात कामाला जातात. त्यांना 'निसर्ग वाचवा, नोकरीचं नंतर बघू' असं एसी ऑफिसात बसून सांगणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. ही सगळी वाढ ज्या पाण्यावर उभी आहे, ते पाणी तयार करणाऱ्याचं बिल कुणी भरतंय का?

'पाणी तर पावसाचं, ते कोण तयार करतं?' असं कुणीतरी विचारणारच. तर त्याचं असं आहे. सिंधुदुर्गात चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उघड्या उतारावर पडला तर तो माती घेऊन काही तासांत ओढ्यात जातो आणि धरणात गाळ होऊन बसतो. तोच पाऊस जंगलात पडला तर आधी पानांवर अडतो, मग खालच्या पातेऱ्यात मुरतो, मुळांच्या वाटेने जमिनीत उतरतो आणि हळूहळू झऱ्यांतून बाहेर येतो. म्हणून जंगलातला व्हाळ दिवाळीनंतरही वाहत राहतो आणि बोडक्या डोंगराचा लवकर आटतो. शास्त्रज्ञ याला परिसंस्थेच्या सेवा म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ही एक अशी डिपेन्डन्सी आहे जी प्रॉडक्शनमध्ये वर्षानुवर्षं चालू आहे, जिचा मेंटेनर कुठल्यातरी कोपऱ्यात फुकट राबतोय, आणि जिचं नाव आपल्याला ती पडल्यावरच कळतं. २०२१ च्या डिसेंबरात लॉग४जे वरून ज्यांची झोप उडाली होती त्यांना मी काय म्हणतोय ते बरोबर कळेल :)

आता हिशोबाची दुसरी बाजू बघा. वरच्या गावांना यातून काय मिळालं?

एक, विस्थापन. तिलारीच्या प्रकल्पग्रस्तांनी नोकऱ्यांसाठी आणि मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. दोन, हत्ती, गवे आणि वानर. रात्रीत माडाची आणि केळीची बाग झोपते. नुकसानभरपाई असते, पण वीस वर्षांचा माड पंचनाम्यानं परत उभा राहत नाही. तीन, खाणी. २०२१ च्या जुलैत कळण्याच्या खाणीचा बांध फुटून लाल चिखल शेतात आणि घरांत शिरला. आणि चौथी गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. दोडामार्ग-सावंतवाडीचा माणूस मोठ्या आजारपणात बांबोळीला, गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात जातो, कारण जवळ दुसरी सोय नाही. २०१८ मध्ये गोव्यानं बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांना तिथे फी लावली. त्यावर दोडामार्गात मोठं आंदोलन झालं, आणि तालुका गोव्यात विलीन करा अशी मागणीसुद्धा पुढे आली.

गोव्याच्या बाजूनं बघितलं तर त्यांचंही खोटं नाही. त्यांच्या करदात्यांचं हॉस्पिटल, त्यांनी धरणाच्या खर्चातला आपला वाटाही दिलेला आहे. पण तो वाटा भिंतीचा आणि कालव्याचा. भिंतीच्या मागचं पाणी ज्या जंगलातून येतं, त्या जंगलाची ओळ करारात कुठेच नाही. पाणी सीमा ओलांडतं आणि त्याचं बिल सीमेवरच अडकतं, असा हा प्रकार आहे.

मग गाव काय करतं? विकतं.

इथे एक गोष्ट मुंबईच्या लोकांना माहीत नसते. आपल्याला वाटतं जंगल म्हणजे सरकारी, वनखात्याचं. कोकणात बरंचसं जंगल मालकीचं आहे. म्हणजे ते सातबाऱ्यावर आहे, कुणाच्या तरी आजोबा-पणजोबांच्या नावावर. दोडामार्गात गेल्या काही वर्षांत असे कितीतरी डोंगर रबराखाली आणि अननसाखाली गेले, बरेचसे केरळातून आलेल्या बागायतदारांनी घेतलेले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मेहनती माणसं आहेत, रीतसर पैसे मोजून घेतात. पण जेसीबीनं उताराला पायऱ्या पाडून, खालचं रान साफ करून एकाच जातीची झाडं लावली की लांबून हिरवं दिसतं, पण जुनं जंगल जे करत होतं ते काम होत नाही. शिवाय जंगलाचे तुकडे पडले की गवे आणि हत्ती शेतात जास्त उतरतात, शेती परवडत नाही, म्हणून शेजारचाही विकतो. गाडी अशी उताराला लागते.

आणि या विक्रीच्या कागदावर सही कुणाची असते? आपली. लालबाग, परळ, काळाचौकी, गिरगावात राहणाऱ्या चाकरमान्यांची.

आमच्याच घरचं सांगतो. आमच्या सातबाऱ्यावर २३ नावं आहेत. त्यातली १६ मुंबईत आणि आसपास, दोन पुण्यात, एक दुबईत आणि फक्त चार गावात. डोंगराच्या अंगाची जमीन आहे, तिच्यावर किंजळ, ऐन, जांभळाचं रान. गेल्या वर्षी एका एजंटनं भाव लावला. बाबांच्या वाट्याला येणारी रक्कम म्हणजे आमच्या होम लोनचे साधारण दीड वर्षाचे हप्ते. फॅमिली ग्रुपवर ज्या स्पीडनं 'ओके', 'डन' आणि अंगठे आले तो स्पीड गणपतीच्या तिकिटांच्या बुकिंगलाच बघायला मिळतो. मी नको म्हटलं. त्यावर गावच्या काकांनी फोनवर एवढंच विचारलं, "झाडां राखून पोट भरता काय रे? तुमका काय, तुमी मुंबयत."

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण आजच्या व्यवस्थेत त्याचं उत्तर खरोखरच 'नाही' असं आहे. उभ्या जंगलाची किंमत शून्य, तोडलेल्याची लाखात. अशा हिशोबात जो विकत नाही तो वेडा ठरतो. आमचा निर्णय अजून व्हायचाय.

कायद्यानं हे थांबेल का? थोडंफार थांबतं. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या कॉरिडॉरमध्ये झाडं तोडायला बंदी घातली. २०२० मध्ये तिलारीचं सुमारे २९.५ चौरस किलोमीटरचं जंगल संवर्धन राखीव क्षेत्र झालं. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं कॉरिडॉरमधली २५ गावं इको-सेन्सिटिव्ह म्हणून जाहीर करण्याच्या दिशेनं केंद्राला आदेश दिले. हे सगळं हवंच, ते नसतं तर आज बोलायला जंगल उरलं नसतं. पण नुसती बंदी म्हणजे काकांना 'तू राख आणि फुकट राख' असं सांगणं. मग बंदी असूनही रात्रीची करवत चालते, आणि गावातले लोक इको-सेन्सिटिव्ह हा शब्द ऐकला की चिडतात. चिडणारच ना! गाडगीळ समितीनं २०११ च्या अहवालात ग्रामसभांना विचारून, लोकांना सोबत घेऊन करा असं सांगितलं होतं. ते राहिलं बाजूला, आणि लोकांपर्यंत पोचली ती फक्त 'हे करायचं नाही, ते करायचं नाही' ही यादी.

आतापर्यंत वाचताना तुम्हाला गोव्याचा राग आला असेल तर जरा थांबा. परळचा नळ सोडला की जे पाणी येतं ते कुठलं? मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळतं. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) नॅशनल पार्कच्या जंगलाच्या कुशीत आहेत. बाकीचं शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून, तानसा, भातसा आणि वैतरणेच्या खोऱ्यांतून येतं. सातही तलावांतला जवळपास निम्मा साठा एकट्या भातसाचा. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात. आणि त्याच शहापूर तालुक्यातले आदिवासी पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. त्यांच्या उशाशी धरण आणि आपल्या बाथरूममध्ये शॉवर. शिवाय पुढचं, प्रस्तावित गारगाई धरण तानसा अभयारण्याच्या जंगलावरच येणार आहे.

म्हणजे लालबागच्या एकाच दहा बाय बाराच्या खोलीत दोन्ही बाजू नांदतात. गावाकडच्या जमिनीचे मालक म्हणून आपण पाणी देणारे, बिल न मिळालेले. मुंबईकर म्हणून आपण पाणी घेणारे, बिल न भरलेले. दोडामार्गसाठी गोव्याकडे न्याय मागायचा असेल तर शहापूरच्या वेळी पाकीट काढायची तयारी पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे: नळाच्या बिलात राखणीची एक ओळ टाका. गोव्यात टाका आणि मुंबईतही टाका.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. न्यूयॉर्क शहरानं १९९७ मध्ये वरच्या कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी करार केला. पाणी गाळायचा महाकाय प्लांट बांधायचा तर अब्जावधी डॉलर्स लागले असते. त्याऐवजी शहरानं वरची जमीन, शेती आणि तिथली सांडपाण्याची व्यवस्था नीट राखायला पैसे दिले. आजही न्यूयॉर्कचं बहुतेक पाणी न गाळता, फक्त निर्जंतुक करून नळाला येतं. 'ते अमेरिकेत चालतं हो' असं म्हणणाऱ्यांसाठी पालमपूर. हिमाचलमधल्या या छोट्या नगर परिषदेनं २०१० मध्ये बोहल गावाशी करार केला: गावानं झऱ्यावरचं जंगल राखायचं, नगर परिषदेनं दरवर्षी १० हजार रुपये द्यायचे. रक्कम किरकोळ आहे. पण जंगलाची ओळ हिशोबात आली, हे महत्त्वाचं.

मुंबईचं गणित करून बघू. हजार लिटरला एक रुपया. महिन्याला १५ हजार लिटर वापरणाऱ्या घराला १५ रुपये, म्हणजे एक वडापाव. रोज ३८५ कोटी लिटरवर याचे होतात साडेअडतीस लाख, वर्षाला साधारण १४० कोटी. गळती, चोरी, थकबाकी धरून निम्मेच हाती लागले तरी ७० कोटी. शहापूर, वाडा, मोखाड्याच्या गावांना हा आकडा लहान नाही.

'पैसे मध्येच खाल्ले जातील' हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. पण इथे आपल्या धंद्याचा उपयोग होतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर रिझोल्यूशनची चित्रं दर पाचेक दिवसांनी कुणालाही फुकट मिळतात. पावसाळ्यातले ढग सोडले तर जंगल उभं आहे की गेलं हे घरबसल्या कळतं. रबर हिवाळ्याच्या शेवटी पानं गाळतं, त्यामुळे तेही सदाहरित रानापासून वेगळं ओळखता येतं. सातबारा डिजिटल झालेला आहे. उभं जंगल दिसलं तर पैसे थेट खात्यात, नाही दिसलं तर नाही. याहून अवघड सिस्टिम्स आपण क्लायंटला तीन महिन्यांत करून देतो.

खरी अडचण त्या २३ नावांची आहे. पैसे २३ जणांत वाटले तर प्रत्येकाच्या हातात चहाचे पैसे येतील आणि दुबईच्या भावाला जंगल राखल्याबद्दल मानधन मिळेल! म्हणून आधी राखणदाराचा वाटा. जो तिथे राहतो, वणवा विझवतो, करवतीचा आवाज ऐकून बॅटरी घेऊन बाहेर पडतो, त्याला पहिला आणि मोठा हिस्सा. आमच्या घरात हे मांडलं तर अर्ध्या लोकांना आवडणार नाही हे मला माहीत आहे. तरी मला तेच बरोबर वाटतं.

आणि दोन राज्यांमध्ये हे कसं जमणार? धरणाचा खर्च टक्केवारीत वाटून घ्यायला जमलं, तसंच. तिलारीचा करार आहे, बैठका होतात, त्यात एक कलम वाढवायचं आहे.

सरकार हे करेल तेव्हा करेल. तोवर? गिरण्यांच्या जमिनी आठवा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या गेल्या, २००१ मध्ये नियम ५८ बदलला, शहराच्या वाट्याची मोकळी जागा आक्रसली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. त्या सगळ्यात गिरणगावाच्या सहीची कुणाला गरज नव्हती. आपल्या आजोबा-वडिलांच्या हातात काही नव्हतं. दोडामार्गच्या डोंगरावर मात्र आपल्या सहीशिवाय पान हलत नाही.

लालबाग-परळात जवळजवळ प्रत्येक गावाचं मंडळ आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराला ते लाखो रुपये उभे करतं. वार्षिक सभेत जमाखर्च, देऊळ आणि गणपतीच्या गाड्या यांच्यानंतर एक विषय वाढवता येईल: गावाचं कुठलं रान कुणाच्या नावावर आहे, कुठल्या रानातून गावाचा व्हाळ येतो, आणि ते विकायच्या आधी भावकीनं एकमेकांना विचारायचं की नाही. विकावंच लागलं तर रस्त्याकडेची, आधीच मोकळी झालेली जमीन विका, व्हाळाच्या डोक्यावरचं रान नको. आणि ज्यांनी नाही विकलं, त्यांच्यातल्या गावात राहणाऱ्याला आपल्या पगारातून वर्षाला काहीतरी पाठवा. आमच्या ग्रुपवर मी हाच प्रस्ताव टाकलाय. अजून तीनच अंगठे आलेत, त्यातला एक दुबईचा. पुढच्या महिन्यात सगळे परळला जमणार आहेत, तिथे मतं मोजू.